जरा उजळ करा

पहिल्याच दिवशी माने मॅडमनी माझा हात धरला, मनगट उलटं केलं आणि त्यावर एक हिरवी पेन्सिल आडवी ठेवली. मी दचकून हात मागे घेतला.

“घाबरालीस काय? हिरवा सगळ्यांच्यात असतोय. तुझ्यात जरा जास्त हाय, एवढंच.”

कोल्हापुरात, राजारामपुरीत रक्त तपासायच्या एका लॅबमध्ये मी काउंटरवर बसते. वरच्या मजल्यावर मॅडमचा क्लास होता; लॅब सुटल्यावर मी तिथं शिकायला जाऊ लागले. शाळेतून चित्रकलेच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि पेस्टल पेन्सिलींनी माणसांचे चेहरे काढायला शिकवू लागल्या. खडूसारख्या मऊ, भुकटी सोडणाऱ्या त्या पेन्सिली. बाई ठेंगणी, काळीसावळी, आवाज मात्र खालच्या रिक्षा स्टॉपपर्यंत पोचणारा. इथल्या जुन्या बायकांसारखं ‘मी जातो, मी येतो’ असंच बोलायच्या.

कुणी नवीन पेटी आणली की त्यातली फिकट गुलाबी पेन्सिल त्या आधी काढून घ्यायच्या. पोरं तिला ‘स्किन कलर’ म्हणायची. मॅडम ती सगळ्यांसमोर उंच धरायच्या. “ह्यो कुणाच्या कातडीचा रंग? माझा न्हाय, तुझा न्हाय, तुझ्या आईचा न्हाय. मग स्किन कुणाची?” आणि पेन्सिल कपाटातल्या बिस्किटाच्या डब्यात जायची. गाल काढायला त्या विटकरी, गेरू, जांभळा वापरायला लावायच्या, डोळ्यांखाली हिरवा. “काळ्या चेहऱ्यावर उजेड पांढरा पडत न्हाय. निळा पडतोय. नीट बघ की.”

मला बघायची सवय नव्हती, चुकवायची होती. मला ‘सावळी’ म्हणणं हे नातेवाइकांचं सौजन्य. ग्रुप फोटोत मी कायम मागच्या रांगेत आणि कुणी पाठवलेला फोटो स्टेटसला ठेवायच्या आधी तो थोडा उजळ करून घेणारी. आरशात बघून स्वतःचा चेहरा काढायला सांगितला, तेव्हा कागदावर भलतीच, उजळ बाई उतरली. मॅडमनी चित्राकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. “ह्या कोण पाहुण्या? ओळख करून दे की आमची.” वर्ग हसला. मला मान वर करवेना. नंतर सगळे गेल्यावर त्यांनी स्वतःचा हात माझ्या हाताशेजारी टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, “मीबी तेच करत हुतो तुझ्या वयात.”

फोटोवरून चित्र करून घ्यायला लोक यायचे. बहुतेकांचं म्हणणं एकच, “मॅडम, जरा उजळ करा.” मॅडमचं उत्तरही ठरलेलं. “पावणं, हाय तसं काढतो मी. न्हायतर फोटो स्टुडिओत जावा.”

एकदा मलकापूरहून एक गृहस्थ आले. गावात दूध संकलनाचं काम बघायचे. त्यांची मुलगी सुमन तापाचं निमित्त होऊन गेली होती. फोटोतली मुलगी चांगली काळी, मोठ्या डोळ्यांची, हसू दाबून धरलेली. ते म्हणाले, “उजळ काढा.” मॅडमनी नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्या गृहस्थांना रडू फुटलं.

“रंगावरनं लगीन मोडत गेलं तिचं. दर टायमाला पोरगी आत जाऊन बसायची. आता भिंतीवर तरी तिला कुणी नाव ठेवू नये, मॅडम.”

मॅडमनी फोटो परत उचलून बघितला. मग ‘बरं’ म्हणाल्या.

ते चित्र होताना मी बघत होते. त्यांनी कपाटातला डबा काढला आणि त्यातलीच एक गुलाबी पेन्सिल घेतली. चित्र सुंदर झालं. डोळे तेच, हसू तेच. पण नेहमी चित्र झाल्यावर आम्हाला हाका मारून दाखवणाऱ्या मॅडमनी ते उलटं करून ठेवलं.

न्यायला नवरा-बायको दोघं आले. आईनं चित्राकडं पाहिलं. ती रडली नाही. शांतपणे म्हणाली, “ही न्हवं माझी सुमी.” नवरा काही समजावू लागला, त्याच्याकडं तिनं पाहिलंच नाही. ती मॅडमशी बोलत होती. “जित्ती हुती तवा लोकांना चालली न्हाय. आता मेल्यावर तुम्हालाबी चालली न्हाय व्हय?”

ती जिना उतरून गेली. नवरा चित्र काखेत घेऊन तिच्या मागं गेला. मॅडम तिथंच उभ्या. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. त्यानंतर काही दिवस वरच्या खोलीला कुलूप होतं.

मग एका रविवारी म्हणाल्या, “चल, मलकापूरला जाऊन येऊ.” घर शोधून पुढच्या सोप्यात पाय ठेवला आणि त्या बाईंना म्हणाल्या, “वहिनी, मी चुकलो. परत काढतो. तुम्ही माझ्यासमोर बसा.”

“मी कशाला? मी काय बघण्यासारखी हाय व्हय?”

“सुमननं रंग कुठनं आणला हुता? तुमच्याकडनंच की.”

बाईंनी आधी पदर तोंडाशी धरला. मॅडमनी घाई केली नाही. हळूहळू पदर खाली आला, मान वर झाली. मला वाटतं त्या घरात इतका वेळ त्यांच्या चेहऱ्याकडं कुणी बघितलंच नव्हतं. फोटो मांडीवर ठेवून, आईचे गाल बघत बघत मॅडमनी मुलगी काढली. विटकरी, जांभळा, डोळ्यांखाली हिरवा, कपाळावर निळसर उजेड. चित्राला कुणी बोट लावलेलं त्यांना खपायचं नाही, रंग पुसतो म्हणून. त्या बाईंनी सरळ हात पुढं केला आणि गालावरून अंगठा फिरवला. रंग पसरला. मॅडमनी ते तसंच राहू दिलं.

सगळं इथं संपलं असतं तर मलाही बरं वाटलं असतं. पण निघताना आम्ही पाहिलं. नवं चित्र आत चुलीच्या खोलीत लागलं, आणि सोप्यात हार घातलेलं गोरं चित्र तसंच राहिलं. “पाव्हणंरावळं येत्यात,” नवरा जमिनीकडं बघत म्हणाला. बायको आत निघून गेली. त्या गोऱ्या चित्राच्या खाली कोपऱ्यात मॅडमची ठसठशीत सही होती.

“येणारा-जाणारा ते बघणार,” परतीच्या एसटीत त्या म्हणाल्या, “आणि माझं नाव वाचणार.”

पुढं प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला त्या ही हकिकत सांगायच्या, स्वतःला जराही न वाचवता. कुणी म्हणायचं, मॅडम, त्यांनीच मागितलं होतं की. त्यावर त्या म्हणायच्या, “मागणारा रडत हुता. मी रडत नव्हतो. पेन्सिल माझ्या हातात हुती.”

गेल्या वर्षी मॅडम झोपेतच गेल्या. विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला. मी लॅब सुटल्यावर तिथं गेले. फ्लेक्सवर एक गुलाबी, तुकतुकीत बाई हसत होती. खाली माने मॅडमचं नाव. आमच्यातले कितीतरी जण हात जोडून पुढं गेले होते. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, की आलं होतं आणि कुणी बोललं नव्हतं, कोण जाणे.

मी फ्लेक्सवाल्याकडं गेले. दुकानात गर्दी होती. मॅडमच्या चेहऱ्याला काय केलंत, असं विचारलं.

“काय केलं न्हाय ओ मी,” तो म्हणाला. “कॉम्प्युटरवर सगळ्यांचंच करतो. आजवर कुणाची तक्रार न्हाय.”

“त्यांचा रंग असा नव्हता.”

“मग काय, काळं करून देऊ व्हय?”

त्यानं ते नेहमीच्या कोल्हापुरी आवाजात विचारलं. दोघं-तिघं वळून माझ्याकडं बघायला लागले. थेट माझ्या चेहऱ्याकडं. मी ‘हो’ म्हणाले.

“काय म्हणालासा? ऐकाय आलं न्हाय.”

दुसऱ्यांदा मी मोठ्यानं म्हणाले. दुसऱ्या दिवशी चौकात मॅडम होत्या तशा लागल्या. येता-जाता लोकांनी मला त्याबद्दल शाबासकीही दिली. मी ती घेतली. पण पहिला ‘हो’ माझ्या तोंडून कसा निघाला होता, हे मलाच माहीत आहे. एखाद्या लाजिरवाण्या गोष्टीची कबुली द्यावी, तसा.