डिंक लावलेला कौल

मी कॉलेजात कसा गेलो असं कोणी विचारलं की मी आजवर वडिलांच्या उदारपणाचे गोडवे गात आलो. खरी हकिकत आज लिहितो. देवीचा होकार मी चोरला होता, निदान कित्येक महिने माझी तशी खात्री होती, आणि त्या खात्रीनं मला पोखरून काढलं.

ठाण्याच्या शाळेतून मॅट्रिक झालो तेव्हा भिक्षुकी करणाऱ्या माझ्या वडिलांनी कल्याणच्या कचेरीत माझ्यासाठी उमेदवारीची जागा बघून ठेवली होती. मला मात्र मुंबईला कॉलेजात राहून पहिल्या वर्षाच्या, प्रीव्हियसच्या परीक्षेला बसायचं होतं; तिच्यावाचून बी. ए.चा रस्ताच नाही. मी हट्टी आणि वडील माझ्याहून हट्टी. आठ दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. अखेर आई म्हणाली, ठाकुर्लीच्या देवीला कौल लावा, ती सांगेल ते दोघांनी मुकाट्यानं ऐका. कौल लावायचा म्हणजे गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

मला कुठला धीर धरवतो! आदल्या दिवशी तिन्हीसांजेला देवळात कोणी नाहीसं बघून मी गाभाऱ्यात शिरलो आणि शाईत घालायला आणलेला बाभळीचा डिंक देवीच्या डाव्या खांद्यावर चांगला फासून आलो. सकाळी सगळ्यांसमक्ष उजवी पाकळी पडली. वडिलांनी देवीपुढे डोकं टेकलं आणि मला जवळ घेतलं. तेव्हाच मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुंबईत माझा अभ्यास होईना. पुस्तक उघडलं की तो चिकट खांदा डोळ्यांपुढे येई. बीजगणित माझ्या हातचा मळ, तेही जमेना. अंगात बारीक ताप राहू लागला. त्यात दर पत्रात वडील लिहीत, देवीनंच धाडलंय तुला, काळजी कशाला करतोस. परीक्षा पंधरा दिवसांवर आली तेव्हा मी ठरवलं की नाव काढून घ्यायचं आणि कचेरीत जायचं. पण आधी ज्याच्या देवळात पाप केलं त्या गुरवाला सांगायचं. गाडीनं कल्याण गाठलं आणि तसाच चालत ठाकुर्लीला गेलो.

म्हातारा गुरव चिंचेनं समई घाशीत बसला होता. मी सगळं सांगून टाकलं. त्याचा हात काही थांबला नाही.

"पोरा, भिक्षुकाच्या घरचा तू, आणि कौलाआधी देवीला ऊन पाण्यानं न्हाऊ घालतात हे विसरलास? तुझा डिंक खरवडून माझी नखं दुखली. मग पाकळ्या लावल्या."

डिंक माझाच हे कसं कळलं, म्हणून मी विचारलं. त्यात काळ्या शाईची बोटं उमटली होती म्हणे, आणि कौलाला येणाऱ्यांत तसली बोटं माझ्या एकट्याचीच. वडिलांना का सांगितलं नाही, असंही विचारलं.

"देवीनं हो म्हटलं. आता मी कशाला मधे बोलू?"

मी तिथेच ढसाढसा रडलो, आणि रडता रडता हसूही आलं. जे मी चोरलं असं समजत होतो ते मला कधीच देऊन झालं होतं. त्या दिवशी ताप उतरला. पंधरा दिवस मी झपाटल्यासारखा अभ्यास केला, आणि निकालाच्या यादीत माझं नाव पहिल्या वर्गात निघालं! वडिलांनी आळीभर पेढे वाटले, कचेरीतल्या साहेबांनासुद्धा.

देवीला पेढे ठेवायला गेलो तेव्हा बी. ए.साठी पुन्हा कौल लावावा असं वडिलांच्या मनात आलं. या खेपेला मी मनातसुद्धा काही मागितलं नाही. तू सांगशील ते करीन, एवढंच म्हटलं, आणि इतकं हलकं मला जन्मात वाटलं नव्हतं. तिच्या कृपेची जाण मला या हलकेपणातूनच आली.

गुरवानं पाकळ्या भिजवल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "आधी बोटं दाखव."

वडिलांना काही कळलं नाही. मी दोन्ही हात पुढे केले. वर्षभराच्या अभ्यासानं बोटं काळी होती, पण कोरडी.