मानखुर्दच्या पुढे, पुनवेला

बाबा एकदाचे "येतो" म्हणाले आणि माझी झोपच उडाली. ऐंशीच्या दशकातली गोष्ट, तेव्हा आम्ही मुलुंडला राहायचो. ऑफिसातल्या प्रभाकरशी मला लग्न करायचं होतं, आणि तो ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यातला. "आपल्यातला नाही" म्हणून घरात सहा महिने अबोला. शेवटी मालवणकडचे, गिरणीतून निवृत्त झालेले बाबा म्हणाले, एकदा घर बघतो, नाही पटलं तर विषय बंद.

ठरलेला रविवार जवळ आला आणि मीच कच खाल्ली. बाबांना थाप मारली, प्रभाकरच्या घरी अडचण आहे. प्रभाकरला सांगितलं, बाबांचा गुडघा धरलाय, पुढच्या रविवारी येतो. तो जरा घुटमळला, मग म्हणाला, "चालेल, बघतो." मी सुटले एकदाची, असं मला वाटलं.

पुढचा रविवार आला आणि आम्ही निघालो. तर रस्ता असा. मुलुंडहून स्लो गाडीने कुर्ला, तिथे पूल ओलांडून हार्बरचा प्लॅटफॉर्म. बोर्ड नीट वाचूनच चढा. रविवारी सकाळी मानखुर्दच्या गाडीत इतकी जागा होती की बाबा पाय पसरून बसले, आणि मी मात्र पेढ्यांचा पुडा आवळत काठावर. चेंबूरपर्यंत झाडं बरी होती. गोवंडी सोडली आणि देवनारचा वास आत शिरला. बाबांनी नाकाला रुमाल लावला. मला वाटलं, झालं, इथेच नकार!

आता गाडी खाडी ओलांडून वाशीला जाते. तेव्हा मानखुर्दला रूळच संपायचे. पुढे ट्रॉम्बेची बस, शेवटच्या स्टॉपला उतरायचं. सगळ्या प्रवासाला सुटे पैसे पुरायचे. कोळीवाड्यात शिरलं की दोन्ही बाजूंना वाळत घातलेले बोंबील, आणि पाहुण्याला घर दाखवायला अर्धी गल्ली सोबत येते.

घरात फक्त प्रभाकरची आई. ना वडील, ना प्रभाकर.

"आज उधान हाय गो बाय, होरी घरान कशी बसंल?" ती म्हणाली. पुनवेचं मोठं पाणी, होडी न्यायलाच हवी. खलाशी आजारी पडला म्हणून प्रभाकरलाही जावं लागलं होतं.

बाबा उंबऱ्यावरच थांबले. "काय गो, पुनवेक बोलवतत? आजचो दिवस कोणी ठरवल्यान?"

मी पेढ्यांचा पुडाच पुढे केला. तेवढ्यात त्या माउलीने खुर्ची पुढे केली. "बसा ना. गुडघा कसा हाय तुमचा?"

"माझो गुडघो? त्याका काय झाला?"

मेले! तिने भाबडेपणाने सगळं सांगून टाकलं. गेल्या रविवारी अष्टमी, म्हणजे भांग. पाण्याला जोर नाही, होड्या किनाऱ्यालाच. सगळे घरीच थांबणार होते, पापलेटाच्या कालवणाचा बेतही ठरला होता. मग निरोप कळला.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. तसं त्यांनी आयुष्यात एकदाही बघितलं नव्हतं. जमीन दुभंगावी असं खरंच वाटलं मला.

पण ते बसले. तिने दिलेला चहा प्यायले. "कधी येतली होडी?"

"भरती लागल्याव. बारा वाजतीन."

दोन तास मी दाराशी उभी, आणि बाबा तिला गावच्या खाडीतल्या मुळ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, पाककृती सांगतायत! बाराच्या सुमारास होडी धक्क्याला लागली. प्रभाकर गुडघाभर चिखलाने माखलेला, हाफपँटीत. बाबांना बघून बिचारा टोपली तशीच धरून उभा राहिला. बाबांनी पुढे होऊन टोपलीचा दुसरा कान धरला. त्याचा अर्थ काय लावायचा, मला कळेना.

परतीच्या गाडीत बाबा खिडकीबाहेर बघत बसले. आज नातवंडांना वाशीच्या गाडीतून तो भाग दाखवते, तेव्हा ते खिडकीतून मजेत बघतात, आणि मी मात्र अजून काठावरच बसते.

मुलुंडला पोचलो. आई दारातच. "काय झालं? कसा आहे मुलगा?"

बाबांनी चपला काढल्या, शांतपणे पाय धुतले.

"झील बरो आसा," ते म्हणाले. "आपलाच चेडू खोटा बोलता. ता त्यांका चलता काय, ता जाऊन इचारूक होया."