तापलेल्या अंगावरचं पाणी

"तापलेल्या अंगावर गार पाणी घेऊ नकोस, शिरा आखडतात," असं रोसेंदा जन्मभर सांगत आली. फिलिपाइन्समधल्या सिकिहोर बेटावर लोकांचे कपडे धुणारी ही बाई इस्त्री केल्यावर रात्रभर हातसुद्धा धूत नसे. तिचा मुलगा देल्फिन मासेमारी करता करता पोहणं, सायकल आणि धावणं अशा लांबच्या तिहेरी शर्यतीसाठी तयार झाला. गावाने मिळून पैसे जमवले आणि त्याला मलेशियाला पाठवलं. निघतानाही रोसेंदाने तेच बजावलं.

तिथल्या लंकावी बेटावरच्या उन्हात तो पोहला, सायकलही पुरी केली. धावताना वाटेवरची माणसं बर्फाचं पाणी पुढे करत होती. सगळे डोक्यावर ओतून घेत होते. देल्फिन मात्र नको म्हणत राहिला आणि शेवटच्या वळणाआधी कोसळला.

"घेतलं का नाहीस रे गाढवा?" तो घरी आल्यावर तिने विचारलं.

"तूच सांगितलं होतंस ना, नानाय," तो आईला म्हणाला.

"मी कुठे शर्यत धावलेय? माझं शहाणपण इस्त्रीपुरतं!"

"पुढच्या खेपेला घेईन," तो हसून म्हणाला. गाव पुन्हा पाठवणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी जाळं खांद्यावर टाकून तो नेहमीची सूचना ऐकायला दारात थांबला. ती काहीच बोलली नाही. मग तो होडीकडे चालू लागला, आणि तो दिसेनासा होईपर्यंत रोसेंदा त्याच्याकडे बघत राहिली.