साठ नजर, नव्वद दडी

"उगाच तोंड नको वाजवू. पॉइंट कुठं टाकले ते सांग."

आमच्या आवक-जावकच्या मॅडम हे वाक्य शिक्का मारता मारता बोलायच्या, मान वर न करता. मंगरूळपीरच्या एका सरकारी कचेरीत आमची टेबलं समोरासमोर होती. त्या निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या वरिष्ठ लिपिक, मी अकोल्याहून नुकताच बदलून आलेला कनिष्ठ. पहिल्यांदा हे वाक्य कानावर आलं तेव्हा मी शेजारच्या सहकाऱ्याला, मोबाइलवरच्या खेळात राक्षस कसा लोळवला, ते रंगवून सांगत होतो. सहकारी जांभई देत होता. प्रश्न आला तो मॅडमकडून.

ज्यांनी असला खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. खेळ ऑनलाइन आहे. कुठकुठली माणसं आपापलं पात्र घेऊन एकाच जंगलात फिरतात. सुरुवातीला प्रत्येकाला शंभर पॉइंट मिळतात. ते ताकद, चपळाई, नजर आणि दडी यांत वाटायचे. या वाटणीला म्हणतात बिल्ड. ताकद घेतली की तलवार जोरात बसते, दडी घेतली की तुम्ही कुणाला दिसत नाही. एकदा वाटलेले पॉइंट परत मिळत नाहीत. त्या बाबतीत खेळ संसारासारखाच आहे.

माझी सगळी भिस्त ताकदीवर. मॅडमची बिल्ड ऐकून मी उडालोच. दडी नव्वद, चपळाई दहा. ताकद शून्य, नजर शून्य.

"मग मारता कसं कुणाला?"

"मारायचं कायले? दिसलं नाही पाह्यजे, बस."

हे ज्या बाई म्हणत होत्या त्या आल्या की कचेरीला जिन्यापासून कळायचं. आधी बांगड्या, मग गुडघ्यांची कटकट, मग शिपायाच्या नावानं हाक. आयुष्यात त्यांना दोन मिनिटंसुद्धा लपता आलं नसतं.

डब्याच्या वेळी आमचा वाद रोज ठरलेला. माझं म्हणणं असं, की दडीला या खेळात फाजील ताकद दिलेली आहे. जो दिसतच नाही त्याच्याशी लढायचं कसं? दडीला वेळेची मर्यादा हवी. मॅडम भाकरीचा तुकडा चटणीत बुडवून तसाच हवेत धरायच्या.

"आंगावर मणभर लोखंड घालून तू फिरून राह्यला, अन् लबाड मी? वा रे न्याय!"

मग फाटक्या पाकिटाच्या मागे आकडेमोड व्हायची. एकदा कामरगावचे एक गृहस्थ अर्ज घेऊन टेबलापाशी उभे होते. तेव्हा मॅडम मला समजावत होत्या, "मारायचंच असन त मागूनच मारा लागते. समोरून कोण मरते?" गृहस्थांनी अर्ज हळूच टेबलावर ठेवला आणि पोच न घेता निघून गेले. त्यांना परत बोलावायला शिपाई रस्त्यापर्यंत पळाला.

वादात मी हरायचो. हरलेला माणूस करतो तेच मी केलं, वरती तक्रार केली. खेळ चालवणाऱ्यांना चार पानी पत्र लिहिलं, मुद्द्यांसकट. माझ्यासारखे आणखी बरेच तलवारवाले असणार. काही महिन्यांनी खेळात बदल आला : दडी फक्त अर्धा मिनिट टिकणार, मग माणूस आपोआप दिसणार.

त्या दिवशी मी सगळ्या टेबलांना चहा सांगितला. मॅडमच्या कपावर साय धरली, तरी त्यांनी तो उचलला नाही.

"एवढं काय मनावर घेता म्याडम? ताकदवालं नवं पात्र करा."

त्यांनी मान वर केली.

"माह्या पोराले पाह्याले मी जातो तिथं. आता कशी जाऊ?"

आमच्याकडच्या बायका 'मी जातो' असंच म्हणतात. पण बाकीचं कळायला मला वेळ लागला.

मुलगा पुण्याला कंपनीत. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलाचा फोन रविवारी यायचा : जेवलीस का, गोळी घेतलीस का, ठेवतो. हा खेळ त्यानंच एका दिवाळीत आईच्या मोबाइलवर टाकून दाखवला होता आणि 'तुला जमायचं नाही' म्हणून शिकवणं सोडूनही दिलं होतं. त्याच्या पात्राचं नाव तेवढं मॅडमनी लक्षात ठेवलं. तो रोज साडेआठला खेळायला यायचा. मॅडम आठलाच जेवून जंगलाच्या तोंडाशी उभ्या. मग तासभर त्याच्या मागोमाग. आज कोणत्या वाटेनं गेला, कुणाशी हसला, किती वेळा हरला, सगळं त्यांना ठाऊक.

"मग त्याला सांगायचं ना, मी पण खेळते म्हणून."

"माय मागं उभी हाय म्हटल्यावर कोणतं पोरगं तलवार उचलते रे, भाऊ?"

मी माझ्या पत्राबद्दल बोललो नाही. आजतागायत बोललेलो नाही.

बदल झाला तरी मॅडम जातच राहिल्या. अर्धा मिनिट लपायचं, झाडाआड थांबायचं, पुन्हा लपायचं. चौथ्या दिवशी डबा उघडतानाच म्हणाल्या, "मारलं मले."

"कुणी?"

"पोरानं. एका वारात!"

त्यांच्या आवाजात असा अभिमान होता, जसं पोरगं परीक्षेत पहिलं आलं. ताकद शून्य असलेल्या पात्राला शेळीसुद्धा एका धडकेत मारेल, हे मी बोललो नाही. त्या दुपारी मॅडमनी आवक पत्रांवर जावकचा शिक्का मारला. एकवीस पत्रं. मी ती गुपचूप दुरुस्त केली.

त्यानंतर त्या जंगलात गेल्या नाहीत. आमचा वादही संपला. डब्याच्या वेळी आम्ही इतरांसारखे पावसापाण्याचं बोलू लागलो. जिंकल्याचा मला इतका कंटाळा कधी आला नव्हता.

निवृत्तीच्या दिवशी मुलगा गाडी घेऊन आला. आईला पुण्याला नेणार होता. शाल-श्रीफळ झालं. साहेब म्हणाले, "मॅडमनी नेहमी पडद्याआड राहून काम केलं." ज्यांचा आवाज खालच्या पानटपरीपर्यंत जायचा त्यांच्याबद्दल हे. मॅडम गंभीर चेहऱ्यानं ऐकत होत्या.

मुलगा माझ्या शेजारी बसला होता. माझ्या मोबाइलवर खेळाचं चिन्ह पाहून खुलला.

"तुम्ही पण खेळता? मी सोडला आता. मजा गेली त्यातली."

"का बरं?"

"एक जण होता. कित्येक महिने माझ्या मागं फिरायचा. दडीवाला."

चिवड्याच्या प्लेटा वाटणाऱ्या मॅडम आमच्या रांगेत येऊन थांबल्या.

"तुम्हाला दिसायचा तो?" मी विचारलं.

"पुसट सावलीसारखा. माझी नजर साठ होती ना. काही करायचा नाही बिचारा. मी जखमी असलो की पुढं जाऊन वाटेत औषधाच्या मुळ्या टाकून ठेवायचा. मला वाटायचं, असेल कोणी एकटा. मीही मग सावकाश चालायचो, त्याला गाठता यावं म्हणून. त्या बदलानंतर एकदम समोर उघडा पडला. मित्र सोबत होते, हसायला लागले. माझा हात चालला. पुढं आठवडाभर त्याला शोधलं. आलाच नाही."

मॅडमच्या हातातली प्लेट तिरपी झाली. शेंगदाणे माझ्या मांडीवर पडले.

"साठ नजरीले नव्वद दडी दिसते?" त्या माझ्यावर कडाडल्या. "बॅलन्स हाय काय हे?"

अख्खी कचेरी वळून पाहू लागली.

"आई, तुला काय कळतं यातलं?"

"मले काय कळन! हा बोलत असते दिवसभर, कान किटले माहे."

"हो," मी म्हणालो. "मीच सांगतो त्यांना."

मुलगा हसला. पण नव्वद हा आकडा ना त्यानं सांगितला होता, ना मी. हसता हसता तो मध्येच थांबला आणि आईच्या पाठीकडे पाहत राहिला. मॅडम पुढच्या रांगेला चिवडा देत होत्या.

चारच्या सुमारास ते निघाले. आम्ही सगळे फाटकापर्यंत गेलो. गाडी बसस्टँडच्या वळणापर्यंत गेली आणि भर रस्त्यात थांबली. मागच्या जीपवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो काढला नाही. मागच्या काचेतून दोघांचे हात हलताना दिसत होते, दोघं एकदमच बोलत असावेत. जीप शेवटी बाजूनं निघून गेली. गाडी तिथंच होती.

शिपाई म्हणाला, "बंद पडली काय? धक्का माराले जाऊ?"

"नको," मी म्हटलं. "राहू दे."