गळत नाही, पाझरते

आमच्या घरमालकांच्या घरात आजवर कधीही काहीही गळलेलं नाही. छपराचा पत्रा, न्हाणीतला नळ, ओट्यावरचा माठ आणि मुख्य म्हणजे अंगणातली ती जुनी डिझेल गाडी, यांतलं जे काही ठिबकतं ते त्यांच्या मते पाझरतं. घरमालकांची, म्हणजे काकांची, सगळी नोकरी पाटबंधाऱ्याच्या कचेरीत कारकुनीत गेली, आणि तिथे हे दोन शब्द एका फायलीत कधी बसत नाहीत. बांध पाझरला तर कागदावर शेरा मारायचा आणि चहा प्यायचा. बांध गळला तर चौकशी बसते. मी एकदा धीर करून दोन्हींतला फरक विचारला, तर म्हणाले, "सोपं हाय. ज्याच्यात साहेब झोपून राह्यते तो पाझर. ज्याच्यात साहेब उठून जीपमधे बसते ते गळती." गाडीखाली तेलाचं ताटाएवढं थारोळं झालं तरी काका निवांत झोपत. म्हणून तो पाझर.

मी सांगलीकडचा. आमच्याकडची पोरं अर्ध्यात शाळा सोडून गलाईला, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या कामाला, देशभर पांगतात. मीही सातवीतून उठलो तो फिरत फिरत आदिलाबादच्या एका सराफाच्या दुकानात येऊन पडलो. परक्या मुलखात मला सगळ्याचीच धास्ती. दार वाजलं तरी वाटायचं, खोली सोडा म्हणून सांगायला कुणी आलं. खोली मिळतानाच नाकीनऊ आले होते. भट्टी आणि तेजाब हे दोन शब्द ऐकले की लोक दार लोटायचे. काकांनी मात्र धंदा ऐकला आणि हसतच सुटले. "म्हंजे तुमी गाळणारे! मंग आमच्या घरी तुमाले काही काम नाही बाप्पा, आमच्याकडे काही गळतच नाही." भट्टी दुकानात असते, खोलीत नाही, हे मी सांगायच्या आत किल्ली माझ्या हातात होती. नंतर मला कावीळ झाली तेव्हा ह्याच गाडीच्या मागच्या सीटवर आडवं घालून त्यांनी मला दवाखान्यात नेलं. म्हणून त्यांनी "ओ सांगलीवाले!" अशी हाक मारली, की हातातला घास ठेवून मी उजेड दाखवायला बॅटरी घेऊन धावतो.

गाडीचं काम काका सफारी घालूनच करत. तीही कचेरीतली, खिशाला पेन लावलेली. लुंगीवर बॉनेट उघडणं त्यांना कमीपणाचं वाटे. "तिनं आपल्याले इतके साल वाहून नेलं, तिच्यासमोर कसंबी जायचं का?" रात्री तेल टिपायला गाडीखाली सरकवलेला पुठ्ठा रोज सकाळी काढून अंगणात मुआयना, म्हणजे पाहणी, व्हायचा. निजामाच्या वेळचा हा शब्द त्यांच्या कचेरीतून निवृत्त झाला नव्हता, तो काकांबरोबरच घरी आला. पुठ्ठा उजेडाला धरायचा, डागावर बोट फिरवायचं, बोटाचा वास घ्यायचा, आणि कधी कधी, मावशी, म्हणजे त्यांची बायको, आत असल्याची खात्री करून, जिभेलाही लावायचं. डागाच्या आकारावरून ते गाडीचा स्वभाव सांगत. समोरच्या घरचे जोशीबुवा एकदा थट्टेने म्हणाले, "काय, गाडीची कुंडली मांडली का?" काका ताठ झाले. त्यांच्या घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली कुंडलीचं नाव निघत नाही. "कुंडलीत तेल कुटून गळते ते दिसते का? ह्याच्यात दिसते," ते म्हणाले, आणि आपल्याच तोंडून 'गळते' निघालं म्हणून दिवसभर गप्प बसले.

हे असंच चाललं असतं, पण मंचेरियलहून बातमी आली. काकांची एकुलती एक लेक तिथे शाळेत शिकवते. तिला दिवस गेले होते, आणि पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं. काकांनी त्याच क्षणी जाहीर केलं, की लेकीला आपण आपल्या गाडीत घेऊन येणार. ह्यामागे एक जुनं दुखणं होतं, आणि ते मला मावशींनीच सांगितलं. लग्नात पाठवणीला हीच गाडी काढायचं काकांच्या मनात होतं. धुऊन-पुसून मांडवाच्या दारात उभी केली, तर तिने भाड्याच्या सतरंजीवर तेल सोडलं. वरपक्षाच्या कुणीतरी "हे गळकं मागं घ्या" म्हटलं. गाडी चिंचेच्या झाडामागे गेली, ताई दुसऱ्याच्या गाडीत बसली, आणि काका अक्षता हातात घेऊन झाडाकडे पाहत राहिले. सासरी सोडायला नाही तर नाही, पण आणायला तरी आपली गाडी जावी, एवढंच त्यांना हवं होतं.

मावशींना ते मुळीच नको होतं. मावशी बोलतात कमी, पण बोलल्या की ठराव पास झाल्यासारखं होतं. "माह्या पोट्टीले त्या गळक्या डब्यात आणसान, तर दारात मी उभी राहीन, सांगून ठेवतो."

"गळत नाही, पाझरते."

"पाझरते तर पाझरू द्या. पुठ्ठा कोरडा दाखवा, मंग जा. नाही तर मी रेल्वेनं जातो अन घेऊन येतो."

पुठ्ठा कोरडा. काकांच्या बायकोने घातलेली ही अट कचेरीतल्या कुठल्या साहेबानेही घातली नसती. त्या दिवसापासून काका कामाला लागले, आणि घरातला पावडरचा डबा नाहीसा झाला.

त्याचं कारण असं. इंजिन सगळीकडूनच तेलकट होतं, त्यामुळे तेल नेमकं कुठून येतं ते दिसेना. काकांनी इंजिन डिझेलने घासून धुतलं, फडक्याने कोरडं केलं आणि मावशींची चेहऱ्याला लावायची पावडर त्यावर हळुवार फुंकली. मग गाडी चालू ठेवून आम्ही दोघं डोकं आत घालून बसलो. पांढऱ्या पावडरीवर एक काळी रेघ हळूहळू उतरत आली, ती तेलाच्या फिल्टरमागच्या चपट्या डबीपासून. "कूलर!" काका ओरडले. गाडी आठवडाभर देवळातल्या गर्दीसारखी घमघमत होती, आणि चेहऱ्याला काही न लावता लग्नाला जावं लागलं म्हणून मावशींनी काकांशी बोलणं टाकलं.

ही डबी मोठी विचित्र. तिच्यातून एका बाजूने तापलेलं तेल जातं, दुसऱ्या बाजूने पाणी, आणि दोन्ही एकमेकांना न शिवता जवळून जातात. पाणी तेलाचा ताप उतरवतं. काकांनी हे मला समजावलं आणि थोडा वेळ पान्याने हात खाजवत बसले. मग म्हणाले, "पाहा सांगलीवाले. सगळ्या दुनियेत न शिवल्यानं कोनाचं भलं झालं, असं मी हे एकच ठिकाण पाह्यलं." ते हसले नाहीत, म्हणून मीही हसलो नाही.

डबी आणि इंजिन यांच्यात रबराची कडी असते. ती उन्हातल्या वालाच्या शेंगेसारखी कडक झाली होती. दुखणं सापडल्याच्या आनंदात काकांनी खिडकीतून आत हाक दिली, "अवो, कूलर गळून राह्यला! कोनाले तरी बोलवा!" उन्हाळ्याचे दिवस. आदिलाबादेत कूलर म्हटला की खिडकीतला, गवताच्या जाळ्यांचा, दुपारी माणसाला जिवंत ठेवणारा. अबोला असला तरी गरमीपुढे मावशींनी मान तुकवली आणि फोन केला. तासाभरात सायकलवर गवताच्या जाळ्या आणि पाण्याची मोटर लादून एक तेलुगू माणूस आला. तो हिंदीत विचारतोय, "कूलर किधर है?" आणि काका बॉनेटकडे बोट दाखवताहेत. त्याने वाकून पाहिलं, जाळी मोजून पाहिली, आणि अतिशय गंभीरपणे म्हणाला, "साब, इसमें घास नहीं बैठेगी." काकांनी त्याला चहा पाजला, डबी उघडून समजावून सांगितली, आणि जाताना तो खिडकीतल्या कूलरची जाळी बदलून गेला. त्यामुळे आलेला माणूस फुकट गेला असं झालं नाही, हे काका अजून आवर्जून सांगतात.

पहिली कडी काकांनी घरीच केली. स्कूटरच्या जुन्या ट्यूबमधून, मावशींच्या कात्रीने, जीभ दातांत धरून. मला तेव्हाच भीती वाटली होती, पण मला भीती सगळ्याचीच वाटते, त्यामुळे माझ्या भीतीला घरात काही किंमत नव्हती. ट्यूबचं रबर तेलात पडलं की फुगतं, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. दोन दिवस पुठ्ठा कोरडा राहिला. काकांनी तो मावशींच्या उशाशी नेऊन ठेवला. तिसऱ्या सकाळी कडी पुरीसारखी फुगून बाहेर आलेली, आणि अंगणात तेल असं पसरलेलं, की कोंबडी पाय उचलून उचलून चालत होती. मी वाट पाहत होतो, आता काका काय शब्द काढतात. ते ओट्यावर बसले. मावशी दारात आल्या. शेवटी काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "गळते हो."

त्या दोन शब्दांनी मला काविळीपेक्षा अशक्त वाटलं. पण मला वाटतं काम खरं तिथून सुरू झालं. पाझर असता तर काका पुन्हा झोपले असते. गळती म्हटल्यावर कारकुनी रक्त जागं झालं. नागपूरच्या एका दुकानात फोन गेला, नेमक्या गाडीची कडी सांगितली गेली, आणि ती प्रवासी बसच्या ड्रायव्हरकडून आली. ती आणायला काका सफारीवर टोपी घालून गेले होते. मग अंगणात चादर अंथरली. तेल काढलं, पाणी काढलं, डबी खोलली. कडी बसायची जागा माझ्या दुकानातल्या मऊ ब्रशने घासली. जुन्या रबराचा कण राहिला की नवं रबर बसत नाही, तेव्हा काका चष्म्यावर चष्मा लावून कण वेचत होते, तांदळातले खडे वेचावेत तसे. पाण्यात तेल उतरलं नाही ना, तेही पाहिलं. उतरलं असतं तर पाण्याचा रंग दुधाच्या चहासारखा झाला असता. तो झाला नव्हता. कडीला नव्या तेलाचं बोट लावून ती बसवली, आणि बोल्ट समोरासमोरचे, आळीपाळीने, थोडे थोडे कसले. "एकाच भावाले सगळं देल्लं की दुसरा रुसते," काका प्रत्येक वळशाला म्हणत. "सगळ्यायले थोडं थोडं." बॅटरी धरून माझा हात भरून आला होता, पण मी ती हलू दिली नाही.

पुठ्ठा कोरडा राहिला. मावशींनी तो चार दिवस स्वतः पाहिला, चुलीवरची भाकर उलटावी तसा उलटूनही पाहिला. मग त्यांनी मागच्या सीटवर गादी घातली, वर धुतलेली चादर, दोन उशा, आणि दाराच्या कडीला मऊ फडकं गुंडाळलं, पोट्टीचा हात लागेल म्हणून.

आम्ही तिघं निघालो. उटनूरच्या जंगलातला रस्ता जवळचा, पण काकांनी नेरडीगोंड्यावरून मोठा रस्ता धरला. तिथे काही झालं तर माणसं भेटतात. काही झालं नाही. मी सगळा रस्ता तापमानाचा काटा आणि काकांचा चेहरा यांच्याकडे पाळीपाळीने पाहत होतो, आणि दोन्ही जागचे हलले नाहीत. मंचेरियलला जावयाच्या क्वार्टरसमोर गाडी उभी राहिली, तेव्हा काकांनी भोंगा वाजवला नाही. इंजिन बंद केलं आणि आत बसूनच वाट पाहिली, बोलावून आणलेल्या पाहुण्यासारखी.

जावई बाहेर आले ते पडलेल्या चेहऱ्याने. सकाळीच ताईला डॉक्टरांकडे नेलं होतं. रक्तदाब वाढला होता, पाय सुजले होते. प्रवास बंद, जे व्हायचं ते इथेच. "तुम्ही निघाला होता, फोन लागत नव्हता," ते म्हणाले. मावशींनी तिथल्या तिथे पदर खोचला. त्या राहणार, हे कुणी विचारलंही नाही. काका फक्त "बरं केलं, बरं केलं, डॉक्टरचं ऐकलंच पाह्यजे" असं म्हणत राहिले, आणि हातातल्या किल्लीने दुसऱ्या हाताचं नख टोकरत राहिले.

तेवढ्यात ताई दाराला धरून पायरीवर आली. गाडीकडे तिने असं पाहिलं, की जणू माहेरचं कुणी माणूस आलंय. "बाबा, धुतली वाटते," ती म्हणाली. मग म्हणाली, "डॉक्टरनं आदिलाबादले जाऊ नको म्हटलं. ह्या वळणापर्यंत जाऊ नको असं नाही म्हटलं."

"येडी झाली का?" मावशी म्हणाल्या.

"आई, एक चक्कर."

मावशींनी काकांकडे पाहिलं. मग स्वतः दार उघडलं, आणि लेकीला गादीवर बसवून उशी पाठीशी दिली. काकांनी गाडी चालू केली. कॉलनीच्या रस्त्याने ती अशी गेली, की शेजारून चाललेली शेळी पुढे निघून गेली. आम्ही तिघं फाटकात उभे राहून पाहत होतो. वळणापर्यंत गेली, वळली, आली. तेवढ्यात ते दोघं काय बोलले ते मला माहीत नाही. ताई उतरली तेव्हा हसत होती, आणि काका उतरले ते आधी आरशावरची धूळ पुसायला लागले. जावयांनी कौतुकाने गाडीखाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "एक थेंब नाही हो, मामा." काकांनी वाकून पाहिलं नाही.

परतताना आम्ही दोघंच होतो. गादी तशीच, चादर तशीच, उशीवर पाठीचा खळगा. पुढे रस्ता मोकळा होता, तरी प्रत्येक गतिरोधकावर काका गाडी अशी हळुवार चढवत-उतरवत, की मागचे ट्रकवाले भोंगे वाजवून हैराण. मला उगाच भीती वाटायला लागली, की कुणी धडकेल. शेवटी मी म्हणालो, "काका, मागच्या सीटवर कुणी नाही आता."

"माहीत हाय मले," ते म्हणाले, आणि पुढच्या गतिरोधकाला पुन्हा गाडी मंद केली. "सवय लावून राह्यलो. पुढच्या टायमाले दोघं राहतीन."