डाव्या पायाचा मोजा

कुठलंही काम करायच्या आधी शेजारचे आजोबा खाली वाकून डाव्या पायाचा मोजा वर ओढायचे. कचरा टाकायला निघाले, की आधी मोजा. चहाचा कप घ्यायला हात पुढे यायचा, तो मध्येच थांबायचा, का तर मोजा! अशी एखादी लकब तुमच्याही शेजाऱ्याची असेल. पण नव्वदीला टेकलेल्या माणसाला सारखं वाकताना बघून माझाच जीव वरखाली व्हायचा.

नेदरलँड्समधल्या उइटहॉर्नला आमच्या भिंतीला लागूनच त्यांचं घर. मूळचे इंग्रज. महायुद्धानंतरच्या वर्षांत आठवडाभर बँकेत खर्डेघाशी आणि शनिवारी फुटबॉल. एकदा मी भोळेपणानं विचारलं, "क्लब पगार किती द्यायचा हो?"

"पगार?" मी जणू चोरीचा आळ घेतला होता. "आम्ही हौशी! बूटसुद्धा स्वतःचे." आणि मोजा वर.

त्यांचा संघ इकडे खेळायला आला, तेव्हा मैदानाच्या कडेला उभी असलेली एक डच मुलगी ओरडली, "अहो, मोजा घसरलाय तुमचा!" हे वाकले आणि तेवढ्यात चेंडू गेला. सामना हरले, पण मुलीशी लग्न करून इथेच राहिले. "नंतर मोठ्या क्लबचं बोलावणं आलं होतं," ते सांगायचे, "पण तिथे मोजा कोण बघणार?"

करोना आला तेव्हा आजी वृद्धाश्रमात होत्या. आठवण विरत चालली होती. भेटी बंद, तळमजल्याच्या खिडकीतून काय ते बघायचं. आजोबा रोज जायचे, सोबत मी सायकल हातात धरून. आजी परक्याकडे बघावं तसं बघायच्या. एक दिवस तर त्यांनी पडदाच ओढून घेतला.

परतताना आजोबा म्हणाले, "विसरली ती मला." मेला तो करोना!

दुसऱ्या दिवशी बघते तर आजोबा चेंडू काखेत धरून दारात.

"चल. तू गोलकीपर."

"अहो, मला धड लिंबू झेलता येत नाही!"

"उत्तम. म्हणजे गोल होईल."

खिडकीसमोरच्या हिरवळीवर, दोन कुंड्यांच्या मध्ये, ओढणी कमरेला खोचून मी उभी राहिले. आजोबांचा डावा मोजा घोट्यावर लोळत होता आणि हे तसेच उभे! मी तोंड उघडणार, तर त्यांनी डोळ्यांनीच दटावलं.

काचेवर टकटक झाली. आजी कपाळाला आठ्या घालून बोटानं त्यांच्या पायाकडे दाखवत होत्या. आजोबांनी ऐकू न आल्याचं सोंग केलं. टकटक वाढली. तेव्हा कुठे ते वाकले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. आले ते डोळे पुसतच. गोल राहूनच गेला.

हिवाळ्यात करोनानं आजोबांनाच नेलं. अंत्यविधीला मोजक्याच माणसांना परवानगी होती. आम्ही शेजारी आपापल्या दारात उभे राहून जाणारी गाडी बघत होतो. मी हमसून हमसून रडले.

पुढच्या रविवारी मी एकटीच त्या खिडकीशी गेले. सायकलवरून उतरले आणि डाव्या पायाचा मोजा मुद्दाम खाली सरकवला.

टकटक झाली.

मी वाकून मोजा वर ओढला. उठून बघते, तर आजी काचेला नाक लावून माझ्यामागे, हिरवळीवर, कुणाला तरी शोधत होत्या.