दोन्ही मांड्यांचं माप

माझा मामा शिंपी आहे आणि त्याच्याइतकं नीट कापड जगात कुणालाच कापता येत नाही, असं त्याचं प्रामाणिक मत आहे. गिऱ्हाइकाचं पोट सुटलेलं असो की एक खांदा उतरलेला, मामा चकार शब्द काढत नाही. शिवणीत असं झाकतो की गिऱ्हाईक आरशात स्वतःवरच खूश! "टेप खोटं बोलत नाही, म्हणून शिंप्याने गप्प बसावं," हे त्याचं तत्त्वज्ञान मी काजं-बटणं करता करता अकरा वर्षं ऐकतेय.

पॅन्टच्या मापाला तो एकच मांडी मोजायचा, उजवी. देव दुसरी वेगळी कशाला करेल, असा त्याचा हिशेब.

मागच्या वर्षी त्याची स्वतःची पॅन्ट डाव्या मांडीला घट्ट व्हायला लागली. दुसऱ्या कुणी मांडीकडे बघितलं असतं. मामाने पॅन्टकडे बघितलं. शिवण उसवून अर्धा इंच सोडली. दोन महिन्यांनी पुन्हा अर्धा इंच. मामी म्हणाली, "अहो, सूज आलीय का काय, दाखवून या." तर म्हणे, "कापड आटलंय." एकाच पायाला आटणारं कापड मी तरी पाहिलेलं नाही.

तिसऱ्यांदा ती पॅन्ट माझ्याकडे उसवायला आली तेव्हा आत सोडायला कापडच उरलं नव्हतं. मी उठले आणि त्याच्या गळ्यातला टेप ओढून घेतला. उजवी मांडी बावीस, डावी साडेतेवीस. आत खोलवर हाताला टणक गाठ लागली, चांगली लिंबाहून मोठी.

"अगं, दुखत नाही ती!" मामा ओरडला. "न दुखणारं काय दाखवायचं?"

"टेप खोटं बोलतो का, मामा? चल."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात, पण खोल असलेली आणि वाढत जाणारी गाठ न दुखली तरी तपासायचीच. तपासली, तर फार थोड्या लोकांना होणारा कॅन्सर निघाला. आणखी उशीर झाला असता तर पाय वाचवणं कठीण होतं.

मामाने एवढंच विचारलं, "मशीन चालवता येईल ना?" त्याचं मशीन पायाचं आहे. मी बाहेर जाऊन रडले. राग त्याचा नव्हता, माझाच होता. त्या पॅन्टला इस्त्री दर वेळी मीच केली होती.

पाय वाचला. मशीन चालतं, जरा हळू. आता मामा प्रत्येकाच्या दोन्ही मांड्या, दोन्ही दंड मोजतो. लोक वैतागतात. "काय मास्तर, भरवसा उडाला का?"

"उडाला," मामा म्हणतो आणि मोजतो.

महिन्याच्या पहिल्या दिवशी मात्र दुकान उघडायच्या आधी तो स्वतःच टेप माझ्या हातात देतो आणि डावी मांडी पुढे करतो. ऑपरेशननंतर डावी मांडी बारीक झालीय, वीस इंच. पॅन्टचा तो पाय त्याने बरोबर मापात शिवलाय. आत सोडायला जादा कापड ठेवलेलंच नाही.

"वीस," या महिन्यात मी म्हणाले.

"पुन्हा मोज," मामा म्हणाला.

मी पुन्हा मोजलं. वीसच होती.